बोटीचा कार्बोरेटर किट टाकून बांधला, पण इंजिन स्लोला बसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की आणि मग सप्टेंबरात धरणाचे दरवाजे उघडले की माझा फोन तापतो. जायकवाडीच्या नाथसागरावरचे मासेमार, नांदेडकडचे होडीवाले, तहसीलच्या गोदामातली बचावाची बोट सांभाळणारे, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं. कार्बोरेटर खोलला, धुतला, नवं किट टाकलं. रेस दिली की झकास, सोडली की बंद, म्हणजे स्लोला (रेस सोडल्यावरच्या सगळ्यात कमी चालीवर) उभं राहत नाही. आपल्याकडे मोटरसायकलचा कार्ब डोळे मिटून बांधणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत, बोटीचे मात्र बोटांवर मोजण्याइतके. म्हणून तेच तेच प्रश्न एकदाचे इथे लिहून ठेवतो. उत्तरं मुख्यतः टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेलं, आपण ज्याला ओबीएम म्हणतो, ते इंजिन धरून आहेत. फोर-स्ट्रोकसाठी प्रश्न १४ आणि इनबोर्डसाठी (इंजिन बोटीच्या आत) प्रश्न १५ पाहा.

१. स्लोला कार्बचा नेमका कुठला भाग काम करतो?

रेस सोडल्यावर कार्बच्या घशातली बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी-मिटणारी गोल चकती) जवळजवळ मिटते. मेन जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) पेट्रोल ओढायला तेवढी हवा पुरत नाही. तेव्हा पेट्रोल येतं स्लो जेटमधून. ते थोड्या हवेत मिसळतं आणि बटरफ्लायच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असलेल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत जातं. त्याच्या शेजारी, बटरफ्लायच्या कडेखाली, ओळीनं आणखी दोन-तीन बारीक भोकं असतात. रेस जरा उघडली की ती कामाला लागतात. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. डोळ्याला न दिसणारा कचरा त्याला पुरतो. मेन जेट बदलून स्लो सुधारत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नका.

२. आधी बरं चाललेलं इंजिन किट टाकल्यावरच का बिघडलं?

बहुतेक वेळा उत्तर किटमध्ये नसतं, बांधणीत असतं. माझ्याकडे येणाऱ्या कार्बमध्ये हे चार घोळ पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिला पॅकिंगचा. एका किटमध्ये दोन-तीन मॉडेलची पॅकिंगं येतात, दिसायला जुळी. चुकीचं बसलं की एखादं भोक झाकलं जातं. जुनं पॅकिंग फेकण्याआधी नव्यावर ठेवून भोक न् भोक जुळवा. दुसरा, फ्लोटची (कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) उंची मोजलीच नाही. तिसरा, कार्ब वरवर धुतला, आतल्या वाटा तशाच राहिल्या. बॉडीवर बारीक झाकण्या ठोकलेल्या असतात, त्यांच्या मागे जुन्या ऑइलचा चिकटा साचतो आणि नुसत्या पेट्रोलात बुडवून तो सुटत नाही. चौथा, सिलिकॉन. गळू नये म्हणून कुणीतरी फ्लोट चेंबरला सिलिकॉन लावतो, ते पेट्रोलनं फुगून सुटतं आणि तुकडा थेट स्लो जेटच्या तोंडाशी जाऊन बसतो. कार्बला सिलिकॉन लावू नका.

आतली वाट मोकळी आहे का हे पाहायची साधी रीत: स्लो जेट काढा, त्याच्या भोकात कार्ब क्लिनरची नळी दाबून धरा आणि फवारा मारा. घशातल्या त्या ओळीच्या प्रत्येक भोकातून बारीक धार निघाली पाहिजे. तीनपैकी दोनच निघाल्या तर कार्ब अजून साफ झालेला नाही. चष्मा लावून करा. ही धार वळून नेमकी डोळ्यातच येते.

३. एअर स्क्रू किती फेरे उघडायचा? एकानं दीड सांगितला, एकानं अडीच.

कंपनीच्या पुस्तकात तुमच्या मॉडेलचा आकडा असतो, तोच खरा. पुस्तक नसेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. हा आकडा इंजिन चालू होण्यापुरता असतो, पक्कं सेटिंग प्रश्न ६ प्रमाणे.

मोजायची पद्धत: स्क्रू हलक्या हातानं आत न्या, टेकला की थांबा, तिथून फेरे मोजा. टेकल्यावर आवळू नका. स्क्रूचं टोक सुईसारखं असतं. आवळलं की टोकावर गोल वळ उमटतो, कधी टोकच तुटून भोकात अडकतं. मग तो कार्ब कुणाच्याच हाती लागत नाही. स्क्रू काढून उन्हात धरा. वळ दिसला तर स्क्रू बदला.

४. माझा स्क्रू हवेचा आहे की पेट्रोलचा, हे कसं ओळखू?

सगळेच त्याला एअर स्क्रू म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. सर्वसाधारण नियम असा: स्क्रू बटरफ्लायच्या अलीकडे, हवा शिरते त्या तोंडाकडे असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. बटरफ्लायच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रणाचा, बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. जागेवरून कळत नसेल तर इंजिन गरम करून स्क्रू हळूहळू आत न्या. इंजिन शिंकायला लागलं तर मिश्रणाचा, धूर वाढून घोगरं झालं तर हवेचा. मोटरसायकलच्या सवयीनं उलटा फिरवून बसणारे हुशार मेकॅनिक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यात एकेकाळी मीही होतो.

५. सेटिंग टिपाडात केलं तर चालेल का? बोट धरणावर न्यायला टेम्पो लागतो हो.

इंजिन चालू होतंय का, पाणी फेकतंय का, गळतंय का, एवढं बघायला टिपाड ठीक. शेवटचं सेटिंग टिपाडात करू नका.

टिपाडात पाणी गोल फिरतं, त्यात धुराचे बुडबुडे भरतात आणि पंख्याला खरा भार लागत नाही. बंद शेडमध्ये तर इंजिन आपलाच धूर परत ओढतं. माणसांच्या जिवालाही ते वाईट, म्हणून टिपाड नेहमी उघड्यावर ठेवा. पाणी ओढायच्या भोकांवर वाट्यांसारखे रबरी कान लावून नळाच्या पाण्यावर चालवलं तर धुराला पाण्याचा दाब नसतो, म्हणून स्लो जास्त दिसतो आणि बोट पाण्यात गेली की खाली येतो.

एकदा मॉक ड्रिलच्या आदल्या दिवशी मी एक इंजिन टिपाडात असं लावलं की झाकणावर ठेवलेला स्टीलचा कप हलेना. दुसऱ्या दिवशी काठावर साहेब मंडळी उभी, गिअर टाकला आणि इंजिन गप. पुन्हा दोर ओढला, पुन्हा गप. शेवटी बोट वल्ह्यांनी काठाला आणली. तेव्हापासून सेटिंग पाण्यातच.

टिपाडात चालवतानाही पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चार बोटं वर पाहिजे. कोरडं इंजिन "फक्त दोन सेकंद" चालवलं तरी पाण्याच्या पंपाचं रबरी चाक जाऊ शकतं.

६. मग पाण्यात नेमकं कसं सेट करायचं?

बोट काठाला दोन दोरांनी पक्की बांधा. पंख्याच्या मागे माणूस नको, सेफ्टीची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) मनगटाला. एक माणूस बोटीच्या मधोमध बसू द्या, नाहीतर मागचं टोक दबून अंदाज चुकतो.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा, चोक पूर्ण उघडा. आता पुढचा गिअर टाकून सगळ्यात खालच्या रेसवर ठेवा. मिश्रणाचा स्क्रू आहे असं धरून सांगतो. हवेचा असेल तर दिशा उलटी. स्क्रू पाव फेऱ्याच्या अर्ध्यानं आत न्या आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. इंजिनाला कळायला तेवढा वेळ लागतो, आणि इथेच सगळे घाई करतात. असं करत गेलात की एका जागी ते शिंकेल किंवा पडायला येईल. ती पातळ बाजू. आता तसंच हळूहळू बाहेर या. आधी सुधारेल, मग आवाज जड, लोळल्यासारखा होईल. ती घट्ट बाजू. दोन्हीच्या मध्ये आणा आणि तिथून किंचित घट्टकडे सोडा.

किंचित घट्टकडे का? टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पातळ मिश्रणावर नुसती शिंक येत नाही, पिस्टनही कोरडा पडतो.

मग एकदम रेस द्या. अडखळलं किंवा शिंकलं तर स्क्रू आणखी तेवढाच बाहेर. सगळ्यात शेवटी रेसचा स्टॉप स्क्रू फिरवून स्लो ठरवा. बऱ्याच आउटबोर्डना गिअरमध्ये मिनिटाला ७०० ते ९०० फेरे लागतात, पण आकडा पुस्तकातला घ्या. स्टॉप स्क्रू आधी फिरवून इंजिन कसंबसं उभं ठेवायचं आणि मग मिश्रण शोधायचं, हा उलटा धंदा आहे. बटरफ्लाय जास्त उघडी राहिली की शेजारची भोकंही चालू होतात, आणि तुम्ही भलतंच काहीतरी सेट करत बसता.

७. अर्धा चोक ओढून ठेवला तरच चालायलंय, चोक सोडला की बंद. काय असंल?

मिश्रण पातळ आहे. चोक हवा कमी करून ते झाकतोय. स्लोची वाट अर्धवट तुंबलेली (प्रश्न २), फ्लोट चेंबरमधली पेट्रोलची पातळी कमी, किंवा कार्ब आणि इंजिनाच्या सांध्यातून हवा शिरतेय, या तिन्हींपैकी एक.

हवा शोधायला इंजिन स्लोवर ठेवा आणि कार्ब जिथे इंजिनाला बसतो त्या सांध्यावर कार्ब क्लिनर थेंबाथेंबानं मारा. आवाज बदलला की चोर तिथे. हा फवारा पेट्रोलसारखाच पेटतो, तेव्हा प्लगच्या टोप्या नीट बसलेल्या असू द्या, विडी-सिगारेट लांब आणि मारा जपून. कार्बचे दोन नट एकाच बाजूनं आवळून तोंड वाकडं झालेलं असतं, हे फार वेळा सापडतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते तोंड सपाट घासता येतं. पॅकिंग मात्र मग नवंच.

८. उलटं आहे आमचं: निळा धूर, प्लग ओला, दोन मिनिटं स्लोला ठेवलं की गुदमरून बंद.

हे घट्ट मिश्रण. आधी चोकची पट्टी खरंच पूर्ण उघडते का ते डोळ्यानं पाहा, नुसत्या बटणावर विश्वास नको. मग फ्लोट. कार्ब उलटा धरून पेट्रोलच्या नळीत तोंडानं फुंका. फ्लोटच्या वजनानं नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) मिटली पाहिजे, फुंकर जाता कामा नये. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट गेला.

हे सगळं बरं निघालं तर पेट्रोल पंपाकडे वळा. टू-स्ट्रोकचा हा छोटा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल कार्बला वगळून मागच्या दारानं थेट इंजिनात शिरतं. स्क्रू कितीही आत न्या, धूर हटत नाही. दोन-दोन वेळा कार्ब बांधून माझ्याकडे आलेल्या इंजिनांत हा पडदा निघालाय. पडदा काढून दिव्यासमोर धरा, बारीक चीर असली तरी दिसते.

९. न्यूट्रलला छान, गिअर टाकला की बंद पडायलंय.

स्लो न्यूट्रलमध्ये लावला असेल तर असंच होणार, प्रश्न ६ पाहा. पण कार्बला हात लावण्याआधी इंजिन बंद करा, सेफ्टीची दोरी काढा आणि पंखा हातानं फिरवून पाहा. आपल्या पाण्यात नायलॉनचं जाळं पंख्याच्या दांड्यावर गुंडाळलं जातं आणि रेझर ब्लेडनं कापून काढावं लागतं. नांदेडच्या बाजूला गोदावरीतली जलपर्णी तेच करते.

पंखा मोकळा फिरत असेल आणि इंजिन दोन सिलिंडरचं असेल, तर एक सिलिंडर स्लोला मेलेलं असू शकतं. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, ती नीट अर्थ करा, मग चालू करा. जी वायर काढल्यानं काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर झोपलेलं. चालू इंजिनाची टोपी उघड्या हातानं ओढू नका, झटका बसून माणूस पाण्यात पडतो.

१०. रेस उतरतच नाही. स्क्रू पूर्ण सोडला तरी भणभणतं.

बटरफ्लाय मिटत नसेल किंवा हवा शिरत असेल, हेच दोन. केबल काढून पाहा. केबल सुटल्यावर रेस उतरली तर केबल ताठ आहे. नाही उतरली तर बटरफ्लाय पाहा: तिची कड तिरकी घासलेली असते, खोलून उलटी बसवली तर ती घशात पूर्ण बसत नाही. कार्ब उजेडासमोर धरला की कडेनं चंद्रकोर दिसते. हवा शोधायची रीत प्रश्न ७ मध्ये आहे.

अशा चढलेल्या रेसवर गिअर टाकू नका. "खाड" असा आवाज येतो तो गिअरचे दात जायचा.

११. बरोबर सात-आठ मिनिटांनी बंद पडतं. बल्ब (पेट्रोलच्या नळीतला हातानं दाबायचा रबरी फुगा) दाबला की परत चालू.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. हसू नका, निम्मे फोन इथेच संपतात. तो उघडाच असेल तर बल्ब पाहा. चालू असताना बल्ब आत ओढला जाऊन चपटा होतोय, तर टाकीकडून अडलंय, म्हणजे फिल्टर किंवा आतली जाळी. बल्ब मऊ पडतोय पण चपटा होत नाही, तर कुठेतरी जोडावर हवा ओढली जातेय किंवा पंप कमजोर. बल्बवरचा बाण इंजिनाकडे पाहिजे. नवी नळी टाकताना तो उलटा लागलेला मी याच वर्षी पाहिला.

१२. जेट साफ करायला क्लचच्या वायरची तार चालेल का?

नाही. जेट पितळेचा असतो, तार पोलादाची. एकदा माझ्या हातून स्लो जेट असाच मोठा झाला आणि पुढचे दोन दिवस मी घट्ट मिश्रणाचं कारण दुसरीकडे शोधत होतो. क्लिनरमध्ये रात्रभर भिजवा आणि कॉम्प्रेसरची हवा मारा. त्यानं निघत नसेल तर नवा जेट घ्या.

१३. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं हे होतंय का?

काही अंशी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी, उघडा हवेचा स्क्रू आणि पावसाळी दमट हवा, म्हणजे पाण्याला आमंत्रणच. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीची नळी ओढते तळातूनच. फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू खोलून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर आधी टाकी धुवा, कार्ब नंतर. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्याही या पेट्रोलात फुगून आतून सुटतात, त्यांचा काळा भुगा नीडलखाली अडकतो.

ऑइलचंही इथेच सांगतो. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, १००:१ म्हणजे १० मिली. तुमच्या इंजिनाला कुठलं प्रमाण ते पुस्तकात पाहा, "थोडं जास्त बरं" म्हणून ओतू नका. स्लोला प्लग त्यानंच चिकटतात. ऑइल आउटबोर्डचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या. मोटरसायकलचं टू-टी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

१४. फोर-स्ट्रोकला वेगळं काय?

मिश्रणाच्या स्क्रूवर पुष्कळदा कंपनीनं टोपी ठोकलेली असते. ती काढण्याआधी व्हॉल्व्हचं अंतर तपासा, घट्ट व्हॉल्व्हनं स्लो हुबेहूब कार्बसारखाच बिघडतो. स्लो जेट टू-स्ट्रोकपेक्षा बारीक, म्हणून तुंबणं जास्त. बाकी फ्लोट, हवा, टाकी सगळं वर सांगितलंय तसंच.

१५. इनबोर्ड आहे. जीपचा कार्ब बसतोय, लावू का?

लावू नका. गाडीचा कार्ब ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल बाहेर रस्त्यावर सांडतं. बोटीत ते तळाशी साचतं, त्याची वाफ वर येत नाही आणि एका ठिणगीत बोट जाते. बोटीच्या कार्बची रचना अशी असते की जास्तीचं पेट्रोल घशातच परत पडावं. कार्बच्या तोंडावरची आग अडवणारी जाळीही सेटिंगला अडचण होते म्हणून काढू नका. ती काजळीनं तुंबली तर मिश्रण घट्ट होतं, म्हणून धुवा आणि परत बसवा.

१६. कोकणातून जुनं इंजिन आणलंय. इथे उंचीमुळे जेट बदलावा लागंल का?

नाही. नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट. समुद्रसपाटीपेक्षा हवा चार-पाच टक्के विरळ, बस्स. स्क्रूच्या थोड्या फेऱ्यात ते भागतं. त्यापेक्षा आपल्या मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार हवा जास्त विरळ करते. दुपारी लावलेलं इंजिन पहाटे शिंकतं ते त्यामुळे, म्हणून सकाळी लावा. किनाऱ्यावरून आलेल्या इंजिनात मिठानं धरलेला पांढरा थर कार्बच्या ॲल्युमिनियमला खातो, तो मात्र नीट तपासा.

१७. दोन कार्बचं इंजिन आहे. एक बांधला, एक चांगला होता म्हणून सोडला.

दोन्ही बांधा. दोन्हींचे स्क्रू सारख्या फेऱ्यांवर ठेवा. मग दोन्ही बटरफ्लायना जोडणारी दांडी सैल करा, दोन्ही पूर्ण मिटू द्या, आणि मगच दांडी आवळा. एक मिटलेली आणि एक केसभर उघडी असेल तर कुठलाही स्क्रू उपयोगाचा नाही. एकाच कार्बमधून पेट्रोलचे शिंतोडे मागे उडत असतील तर त्या सिलिंडरची रीडची पाती (मिश्रण फक्त आत जाऊ देणारी, मागे न सोडणारी) उचकटली किंवा तुटली आहे. घशासमोर पांढरा कागद धरा, डाग पडतो.

१८. सगळं केलं. प्रश्न १ ते १७ पाठ झाले. तरी बसत नाही.

मग कार्ब बाजूला ठेवा आणि कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दोष खाली आहे. कॉम्प्रेशन सारखं असेल तर क्रँकचं सील: स्लोला पडतं, रेसवर ठीक, आणि सेटिंग रोज बदलावं लागतं, हे त्याचं लक्षण. गरम झाल्यावरच एक सिलिंडर जात असेल तर कॉइल. ही कामं काठावर बसून होत नाहीत, इंजिन उतरवावं लागतं.

१९. आमची बोट वर्षातून दोनदाच निघते. कार्ब परत तुंबू नये म्हणून काय करू?

ठेवताना पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन पाण्यात स्लोवर चालवून आपोआप बंद पडू द्या. तरी फ्लोट चेंबरमध्ये चमचाभर उरतंच. ड्रेन स्क्रू खोलून ते बाटलीत घ्या, धरणात सोडू नका. पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेल्या ऑइलचा जो मध होतो, तोच पुढच्या जूनमध्ये स्लो जेटमध्ये सापडतो. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. पावसाळ्याआधी एकदा बोट खरंच पाण्यात उतरवून, गिअर टाकून, पंधरा मिनिटं चालवा. गोदामात कोरडा दोर ओढून रजिस्टरात "चालू स्थितीत" लिहिलेली तीन इंजिनं सध्या माझ्या बाकावर आहेत, आणि तिन्हींचे फ्लोट तळाला चिकटलेले.